डॉकर एक्झेकची मराठी माहितीपुस्तिका : मसुद्यावर चर्चा

साखरपेठकर (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या ज्या कारखान्यांत माझे जाणे-येणे असते, तिथल्या कचेऱ्यांमध्ये हिशेबाचे, मालसाठ्याचे आणि हजेरीचे सॉफ्टवेअर आता बहुधा डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या सगळ्या फाईलींसह उरलेल्या संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, बसवून दिलेले असते. बसवणारा माणूस काम उरकून निघून जातो, आणि रोज संध्याकाळी बॅकअप घेणे, अडकलेली नोंद मोकळी करणे, महिनाअखेरीचा अहवाल काढणे ही कामे कचेरीतल्या ऑपरेटरवर येतात. त्याच्याजवळ इंग्रजी आज्ञांच्या चार-पाच ओळींचा एक कागद असतो. त्यातली कोणती ओळ काय करते आणि ती फसली तर काय समजायचे, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नसते.

या ऑपरेटर मंडळींसाठी मी ‘डॉकर एक्झेक’ या एकाच आज्ञेची मराठी माहितीपुस्तिका लिहीत आहे. एकच आज्ञा निवडण्याचे कारण असे, की कंटेनर बांधणे, सुरू करणे आणि बदलणे ही कामे बसवणाऱ्याची असतात, पण चालू कंटेनरच्या आत काही काम करवून घेण्याची वेळ ऑपरेटरवर रोज येते आणि ते सगळे याच आज्ञेतून होते.

डॉकर २०१३ साली लोकांसमोर आले, तेव्हा ही आज्ञा त्यात नव्हती. ती ऑक्टोबर २०१४ मध्ये १.३ या आवृत्तीत आली. त्याआधी लोक कंटेनरच्या आत एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम) चालवत किंवा ‘एनएसएंटर’ नावाचे लिनक्सचे साधन वापरून आत शिरत. हा इतिहास मी मसुद्यात ठेवला आहे, कारण एक्झेक म्हणजे दुसऱ्या संगणकावर लॉगिन करणे असा जो समज सर्रास आढळतो, त्याचे मूळ त्या जुन्या सवयीत असावे असे मला वाटते. प्रत्यक्षात लॉगिन असे काही होत नाही. त्याच लिनक्स कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) एक नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, सुरू होते आणि तिला चालू कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्याच्या फाईली, त्याचे नेटवर्क आणि त्याची प्रोसेसची यादी एवढेच दिसेल अशा मर्यादेत ठेवले जाते. म्हणून मसुद्याचे पहिले वाक्य असे आहे : ‘डॉकर एक्झेक ही आज्ञा आधीपासून चालू असलेल्या कंटेनरमध्ये आणखी एक प्रोसेस सुरू करते.’

या वाक्यातून पुढचे बरेच काही आपोआप निघते. कंटेनर बंद असेल किंवा पॉज केलेला असेल तर आज्ञा चालणार नाही. कंटेनरची मुख्य प्रोसेस संपली की आपण सुरू केलेली प्रोसेसही संपेल, आणि कंटेनर पुन्हा सुरू झाला तरी आपली आज्ञा पुन्हा सुरू होणार नाही. आत जाऊन एखादे पॅकेज टाकले किंवा फाईल बदलली, तर तो बदल त्या कंटेनरपुरताच राहील आणि कंटेनर काढून नवा केला की नाहीसा होईल.

माझा मुख्य प्रश्न मांडणीचा आहे. अधिकृत माहितीत सगळ्या पर्यायांचा इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेला तक्ता असतो. जाणकाराला तो सोयीचा पडतो, पण आज्ञेतला कोणता तुकडा कोण वाचणार आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या तक्त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक उदाहरणाखाली त्या ओळीचे वाटे करून दाखवावेत असा माझा विचार आहे : एवढा भाग आपल्या संगणकावरचा शेल (टंकलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) वाचतो, एवढा डॉकर वाचतो, आणि कंटेनरच्या नावापुढचे सगळे आतल्या प्रोग्रॅमच्या वाट्याला जाते. उदाहरणार्थ, वापरकर्ता ठरवणारा ‘-यू’ हा पर्याय कंटेनरच्या नावाआधी लिहिला तर तो डॉकरला कळतो, पण नावानंतर लिहिला तर डॉकर त्याकडे पाहतही नाही आणि आतल्या प्रोग्रॅमला त्याचा भलताच अर्थ लागू शकतो. ही मांडणी आपल्याला कशी वाटते? काय राहून गेले आहे?

---

होटगीरोड

मांडणी पटली. पण त्या वाट्यांमध्ये सर्वाधिक जागा ‘-आय’ आणि ‘-टी’ या दोन पर्यायांना द्यावी लागेल, कारण खरी नासाडी तिथे होते. कचेऱ्यांतल्या कागदांवर सगळीकडे ‘-आयटी’ असे जोडून लिहिलेले असते आणि ऑपरेटरला तो आज्ञेच्या नावाचाच भाग वाटतो. प्रत्यक्षात ते दोन स्वतंत्र पर्याय आहेत. ‘-आय’ने आतल्या प्रोग्रॅमकडे जाणारी इनपुटची वाट उघडी राहते, तर ‘-टी’ने त्या प्रोग्रॅमला एक आभासी टर्मिनल मिळते, म्हणजे समोर माणूस बसला आहे असे समजून तो वागू लागतो.

बॅकअपचेच उदाहरण पाहा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची मजकूररूपी नक्कल) ‘-टी’ लावून काढला आणि मोठेपणाच्या चिन्हाने (>) फाईलमध्ये वळवला, तर दोन गोष्टी घडतात. टर्मिनलच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्नचे एक जादा अक्षर येते. शिवाय नेहमीचे आउटपुट आणि त्रुटीचे आउटपुट एकाच प्रवाहात मिसळतात. पासवर्ड आज्ञेतच लिहिला असेल तर मायएसक्यूएलडंप ‘युझिंग अ पासवर्ड ऑन द कमांड लाइन इंटरफेस कॅन बी इनसिक्युअर’ असा इशारा देतो. एरवी तो पडद्यावर दिसून संपला असता, पण ‘-टी’मुळे तो डंपच्या फाईलची पहिली ओळ होऊन बसतो. फाईलचा आकार ठीक दिसतो, तारीख बरोबर असते, आणि प्रत्यक्ष डेटा परत भरायची वेळ येते तेव्हा पहिल्याच ओळीवर सिंटॅक्सची त्रुटी येऊन काम थांबते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डंप परत भरताना ‘-आय’ हवाच. तो विसरला तर आतल्या प्रोग्रॅमला रिकामे इनपुट मिळते, तो काहीही न करता शांतपणे संपतो, त्रुटीही येत नाही, आणि ऑपरेटर डेटा भरला गेला असे समजून उठतो. त्यात ‘-टी’ही लावला, तर ‘द इनपुट डिव्हाइस इज नॉट अ टीटीवाय’ असा नकार मिळतो. रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनच्या कामात ‘-आयटी’ राहिले तरी हाच नकार येतो, फक्त तो पाहायला तिथे कोणी नसते.

म्हणून पुस्तिकेत हे पर्याय अक्षरांच्या क्रमाने न देता प्रसंगाप्रमाणे द्यावेत असे मी सुचवतो. माणूस समोर बसून काम करणार असेल तर दोन्ही, आतून माहिती बाहेर काढायची असेल तर एकही नाही, बाहेरची फाईल आत भरायची असेल तर फक्त ‘-आय’.

---

विजापूरवेस

होटगीरोड यांनी डंपच्या आतल्या मजकुराचे सांगितले. मला त्या मोठेपणाच्या चिन्हाबद्दल लिहायचे आहे, कारण साखरपेठकरांच्या ‘वाटे करण्या’च्या कल्पनेची खरी कसोटी तिथे लागते.

ओळीत ते चिन्ह अवतरणाबाहेर असेल तर आपल्या संगणकावरचा शेल ते वाचतो आणि फाईल आपल्या डिस्कवर तयार होते. तीच आज्ञा ‘एसएच -सी’ लिहून पुढे अवतरणात टाकली, तर चिन्ह कंटेनरमधला शेल वाचतो आणि फाईल कंटेनरच्या आत तयार होते. दोन्ही वेळा पडद्यावर काहीच दिसत नाही, दोन्ही वेळा आज्ञा यशस्वी होते. आमच्या ओळखीच्या एका टॉवेल कारखान्यात बॅकअप नियमितपणे असा आतच साठत होता. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने नवी आवृत्ती टाकताना जुना कंटेनर काढून टाकला आणि त्याच्याबरोबर साठलेले सगळे बॅकअप गेले. मूळ डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठवणीवर) असल्यामुळे वाचला, पण त्या कागदावर ‘ही फाईल कुठे तयार होते’ एवढे एक वाक्य असते तरी हा प्रसंग आला नसता.

जोडआज्ञांचेही तसेच. दोन आज्ञा दोन ‘अँड’च्या चिन्हांनी जोडून अवतरणाशिवाय लिहिल्या, तर पहिली कंटेनरमध्ये चालते आणि दुसरी आपल्या संगणकावर. दोन्ही आत चालवायच्या असतील तर ‘एसएच -सी’ आणि अवतरण दोन्ही लागतात. ‘एसएच -सी’शिवाय नुसते अवतरण दिले, तर डॉकर त्या संपूर्ण ओळीच्या नावाचा एखादा प्रोग्रॅम आत शोधतो आणि तो नसल्यामुळे नकार देतो. डॉलरचे चिन्ह लावलेली व्हेरिएबल दुहेरी अवतरणात असतील तर आपला शेल आपल्याकडची किंमत घालून मोकळा होतो. ती एकेरी अवतरणात असतील तरच तशीच्या तशी आत पोचतात. पुस्तिकेतल्या प्रत्येक उदाहरणात एकेरी अवतरण वापरावे आणि त्याचे कारण एकदाच, सुरुवातीला, नीट समजावून सांगावे.

आणखी एक विनंती आहे. ‘इथे तुमच्या कंटेनरचे नाव लिहा’ हे दाखवण्यासाठी कृपया कोनाचे कंस वापरू नका. वाचणारा ते कंसासकट टंकतो, आणि शेलच्या दृष्टीने ती इनपुट-आउटपुट वळवण्याची चिन्हे असतात. त्याऐवजी ‘या पुस्तिकेत कंटेनरचे नाव सगळीकडे हिशेब असे धरले आहे, तुमच्याकडचे नाव डॉकर पीएस या आज्ञेने पाहून घ्या’ असे सुरुवातीला सांगून पुढे सर्वत्र तेच नाव वापरावे.

---

जुळेसोलापूर

मी इथल्याच एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण मूळ मसुद्याच्या क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. संध्याकाळी बॅकअप काढून घरी जायची घाई असलेल्या माणसासमोर पहिल्याच पानावर २०१४ चा इतिहास आणि नेमस्पेसचे विवेचन ठेवणे मला योग्य वाटत नाही.

तांत्रिक लेखनाबद्दल डॅनिएल प्रोचिदा यांनी मांडलेली आणि आज अनेक मोठे प्रकल्प वापरत असलेली एक चौकट आहे. तिच्याप्रमाणे माहितीचे चार प्रकार पडतात : हाताला धरून शिकवणारा पाठ, नेमके काम कसे करावे याची कृती, पाहून घेण्यासाठी संदर्भ, आणि समजून घेण्यासाठी विवेचन. हे चार प्रकार एकमेकांत मिसळले की कोणत्याच वाचकाचे काम होत नाही, असे त्या मांडणीचे म्हणणे आहे. आपला ऑपरेटर कृती शोधत येतो. त्याला ती पहिल्या पानावर मिळावी, पर्यायांचा तक्ता मागे असावा, आणि नेमस्पेसचे विवेचन ज्याला हवे त्याच्यासाठी शेवटी असावे.

विद्यार्थ्यांना हा विषय सांगताना मी मागाच्या शेडचे उदाहरण देतो. शेड चालू आहे, मुख्य कारागीर आत काम करतो आहे, आणि आपण एका कामापुरता आणखी एक माणूस आत पाठवतो. त्याला शेडमधलीच हत्यारे वापरता येतात, बाहेरची नाहीत. मुख्य कारागीर काम संपवून निघाला की शेड बंद होते आणि हा दुसरा माणूसही बाहेर काढला जातो. सोलापुरात एवढे सांगितले की पुरते, नेमस्पेस हा शब्द नंतर आला तरी चालतो.

‘आतलीच हत्यारे’ हा मुद्दा पुस्तिकेत स्वतंत्रपणे यायला हवा. अल्पाइन या छोटेखानी लिनक्सवर बांधलेल्या इमेजमध्ये (ज्यावरून कंटेनर तयार होतो त्या साच्यात) सहसा बॅश हा नेहमीचा शेल नसतो, बिझीबॉक्स या साधनसंचातला साधा ‘एसएच’ असतो. काही इमेज तर मुद्दाम शेलशिवायच बांधलेल्या असतात, आणि तिथे ‘आत जाऊन पाहणे’ या आज्ञेने शक्यच नसते. कागदावर ‘बॅश’ असे लिहिलेले असते आणि आत तो नसतो, तेव्हा येणारा त्रुटीचा संदेश लांबलचक आणि घाबरवणारा असतो. त्यातले शेवटाकडचे शब्द, ‘एक्झेक्युटेबल फाईल नॉट फाउंड’, एवढेच वाचायला शिकवले तरी निम्मे फोन वाचतील.

---

साखरपेठकर (धागाकर्ता)

सर, कृती आधी आणि विवेचन मागे हा बदल मी स्वीकारतो. इतिहासाचा परिच्छेदही मागे जाईल. मात्र ‘चालू कंटेनरमध्ये आणखी एक प्रोसेस सुरू करते’ हे एक वाक्य मी पहिल्या पानावरून हलवणार नाही. ते मनात पक्के नसेल तर विजापूरवेस ताईंनी सांगितलेला फाईल आतच राहण्याचा प्रकार ऑपरेटरला कधीच उलगडणार नाही, आणि न समजता पाठ केलेली कृती कंटेनरचे नाव बदलल्याच्या पहिल्याच दिवशी निरुपयोगी होते. शेडचे उदाहरण आपल्या परवानगीने पहिल्या पानावर घेतो.

कोनाच्या कंसांऐवजी ‘हिशेब’ हे नाव वापरण्याची सूचनाही घेतली आहे.

---

अशोकचौक

माझा मुद्दा आपल्या भागाशी अगदी निगडित आहे. आमच्याकडच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये कामगारांची नावे मराठीत आहेत आणि काहींची तेलुगू लिपीतही आहेत. वेब पानावर ती नीट दिसतात, पण ऑपरेटरने एक्झेकने आत जाऊन मायएसक्यूएलचा क्लायंट उघडला की सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला डेटा बिघडला असेच वाटते.

डेटा शाबूत असतो. कंटेनरमध्ये ‘लँग’ हे भाषा आणि अक्षरसंहिता सांगणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सहसा ठरवलेले नसते, त्यामुळे आतला प्रोग्रॅम साधी जुनी अक्षरसंहिता धरून चालतो. एक्झेक करताना ‘-ई’ या पर्यायाने ‘लँग’ची किंमत ‘सी.यूटीएफ-८’ अशी दिली की नावे दिसू लागतात. क्लायंटलाच ‘यूटीएफ८एमबी४’ ही अक्षरसंहिता सांगितली तरी चालते. पुस्तिकेत याबरोबर एक ताकीदही हवी : प्रश्नचिन्हे दिसत असताना त्याच खिडकीतून एखादे नाव दुरुस्त करायला जाऊ नये, कारण त्या अवस्थेत टंकलेली अक्षरे चुकीच्या रूपात डेटाबेसमध्ये साठवली जाऊ शकतात आणि मग डेटा खरोखरच बिघडतो.

सोलापुरात लिहिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत हा भाग तळटीपेत न जाता मुख्य मजकुरात यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इंग्रजी माहितीत तो सापडत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना ही अडचण क्वचितच येते.

---

होटगीरोड

अशोकचौक यांनी ‘-ई’चा विषय काढला आहे, तर त्याची मर्यादाही लिहायला हवी. ‘-ई’ने दिलेली किंमत फक्त त्या एका प्रोसेसपुरती असते. पुढच्या वेळी एक्झेक केले की ती पुन्हा द्यावी लागते, आणि मुख्य प्रोसेसला ती कळतही नाही. उलट, कंटेनर तयार करताना दिलेल्या किंवा इमेजमध्ये लिहिलेल्या व्हेरिएबलच्या किमती एक्झेकला आयत्या मिळतात, पण सुरुवातीच्या स्क्रिप्टने कंटेनर चालू होताना ज्या किमती एक्सपोर्ट केल्या असतील त्या मिळत नाहीत. आपली प्रोसेस मुख्य प्रोसेसच्या पोटची नसते, स्वतंत्रपणे आत सोडलेली असते, हे त्याचे कारण. ‘सॉफ्टवेअर चालते आहे, मग तीच आज्ञा हाताने चालवल्यावर पासवर्ड सापडत नाही असे का सांगते’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा इथे असते.

आज्ञा अर्ध्यात थांबवण्याबद्दलही लिहावे. ‘-टी’शिवाय सुरू केलेले मोठे काम कंट्रोल-सी दाबून थांबवले, तर आपल्या बाजूचा डॉकर क्लायंट थांबतो, पण आतली प्रोसेस चालूच राहू शकते, कारण एक्झेक तो सिग्नल आत पोचवत नाही. काम थांबले असे समजून ऑपरेटर तेच पुन्हा सुरू करतो आणि दोन प्रोसेस एकाच टेबलावर काम करू लागतात. पुन्हा सुरू करण्याआधी ‘डॉकर टॉप’ने आत काय चालू आहे ते पाहावे, हे वाक्य त्या कृतीतच हवे.

---

टिकेकरवाडी

मी बसवून देणाऱ्यांच्या बाजूचा आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण ‘-यू’ला शून्य देऊन रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून आत शिरणे आणि ‘प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय या दोन गोष्टी ऑपरेटरच्या पुस्तिकेत येऊच नयेत असे माझे ठाम मत आहे. मुळात ज्याला डॉकर गटात (डॉकर चालवण्याची परवानगी असलेल्या वापरकर्त्यांच्या गटात) घेतले, त्याला त्या संगणकावर रूटच्या तोडीचा अधिकार मिळतो, कारण तो हवा तसा कंटेनर सुरू करून संगणकाची संपूर्ण डिस्क त्यात जोडू शकतो. त्यात अशा युक्त्या छापून दिल्या तर जबाबदारी कोणी घ्यायची? फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर प्रत्यक्ष चालवणाऱ्या रनसी या घटकातली जी त्रुटी जाहीर झाली, तिच्यात दुष्ट हेतूने बांधलेल्या कंटेनरमध्ये कोणी एक्झेक केले तरी मूळ संगणकावरची रनसीची फाईलच बदलली जाण्याचा धोका होता. आत शिरणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे पुस्तिकेतून ध्वनित होऊ नये.

---

विजापूरवेस

आपली काळजी रास्त आहे, पण निष्कर्ष पटला नाही. ‘-यू’ न देता आज्ञा चालवली तर इमेजमध्ये जो वापरकर्ता ठरवला असेल तो लागू होतो, आणि काहीच ठरवले नसेल तर रूट. म्हणजे बहुतेक ऑपरेटर आजही नकळत रूट म्हणूनच आत जातात. संगणकावरची एखादी फोल्डर कंटेनरला जोडलेली असेल आणि आतून रूटने त्यात फाईल तयार केली, तर लिनक्सवर ती फाईल बाहेरही रूटच्या मालकीची होते आणि ऑपरेटरला ती हलवता किंवा पुसता येत नाही. ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. याचा उपाय ‘-यू’ समजावून सांगणे हाच आहे. पर्याय लपवला तर तो वापरला जाणे थांबणार नाही, इंटरनेटवरच्या कुठल्या तरी ओळीतून तो अर्थ न कळता येईल.

‘प्रिव्हिलेज्ड’ मात्र ऑपरेटरच्या कोणत्याही रोजच्या कामाला लागत नाही. तो कृतीत घेऊ नये आणि संदर्भाच्या तक्त्यात ‘हा पर्याय प्रोसेसला वाढीव अधिकार देतो, बसवणाऱ्याने सांगितल्याशिवाय वापरू नये’ एवढे लिहून थांबावे, असे मी सुचवते.

---

टिकेकरवाडी

हे मान्य आहे. आणखी एक व्यवहाराची बाब : आम्ही आता बहुधा कंपोज (अनेक कंटेनर एका फाईलवरून एकत्र चालवणारे डॉकरचे साधन) वापरून बसवतो, त्यामुळे ऑपरेटरच्या कागदावर ‘डॉकर कंपोज एक्झेक’ असते. ती आज्ञा दिसायला सारखी असली तरी दोन बाबतींत वेगळी आहे. तिथे कंटेनरच्या नावाऐवजी सेवेचे नाव द्यावे लागते, आणि टर्मिनल देणे हे गृहीतच धरलेले असते. ते नको असेल तर कॅपिटल ‘टी’ लिहावा लागतो. म्हणजे साध्या एक्झेकमध्ये लहान ‘टी’ टर्मिनल देतो आणि कंपोजमध्ये कॅपिटल ‘टी’ ते काढून घेतो. आवृत्त्यांप्रमाणे वागणूक थोडी बदलते, म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये तो कॅपिटल ‘टी’ नेहमी स्पष्टपणे लिहावा. कुबरनेटिसचा (अनेक संगणकांवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचा) भाग या पुस्तिकेत घेऊ नये. इथल्या कचेऱ्यांत त्याची गरज नाही.

---

जुळेसोलापूर

निर्गमन अंकांविषयी (एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना यश-अपयश सांगणारा आकडा) अजून कोणी लिहिलेले नाही. एक्झेक आतल्या प्रोग्रॅमचाच निर्गमन अंक बाहेर देते, त्यामुळे ० आला तर आतला प्रोग्रॅम स्वतःच्या मते यशस्वी झाला एवढेच समजावे. १२६ किंवा १२७ आला तर आज्ञा मुळात सुरूच झाली नाही, म्हणजे तो प्रोग्रॅम आत सापडला नाही किंवा चालवता आला नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रोसेस बाहेरून सक्तीने मारली गेली. मेमरी संपली असेल किंवा काम चालू असताना कोणी कंटेनर बंद केला असेल. ‘डॉकर स्टॉप’ साधारणपणे १० सेकंद वाट पाहते आणि मग सक्तीने बंद करते.

बॅकअपची फाईल जागच्या जागी आकाराने लहान करण्यासाठी डंपपुढे पाइप लावून (म्हणजे त्याचे आउटपुट पुढच्या आज्ञेला देऊन) जीझिप जोडलेले असते, तिथे मात्र हा अंक फसवतो. शेल पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचा अंक सांगतो, आणि जीझिप रिकामे इनपुट आले तरी आनंदाने ० देते. डंप पूर्ण फसलेला असतानाही स्क्रिप्ट ‘बॅकअप यशस्वी’ असे छापते. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ (पाइपमधली कोणतीही आज्ञा फसली तर अपयश कळवणारा पर्याय) सुरू केल्याशिवाय पाइप असलेले कोणतेही उदाहरण पुस्तिकेत छापू नये.

---

साखरपेठकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बॅकअपच्या कृतीचा परिच्छेद मी नव्याने लिहिला आहे, तो इथे ठेवतो.

‘ही आज्ञा आपल्या संगणकावरच्या टर्मिनलमध्ये लिहावी. डॉकर एक्झेक, मग कंटेनरचे नाव हिशेब, मग डंप काढणारा प्रोग्रॅम आणि त्याचे पर्याय, अशा क्रमाने ती वाचावी. या आज्ञेत -आय किंवा -टी लावू नये. मोठेपणाचे चिन्ह आणि त्यापुढचे फाईलचे नाव अवतरणाच्या बाहेर आहे, म्हणून फाईल आपल्या संगणकावर, आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तिथे तयार होते. आज्ञा संपल्यावर लगेच डॉलरचे चिन्ह आणि प्रश्नचिन्ह एकोसह लिहून निर्गमन अंक पाहावा. तो ० नसेल तर फाईल बॅकअप म्हणून ठेवू नये. अंक ० असला तरी फाईलची शेवटची ओळ पाहावी. मायएसक्यूएलडंपचे काम पुरे झाले असेल तर तिथे ‘डंप कंप्लीटेड’ अशी नोंद असते.’

परत भरण्याची कृती याच पद्धतीने पुढच्या पानावर असेल, आणि ती चालू कंटेनरवर न करता आधी चाचणीसाठी उभारलेल्या वेगळ्या कंटेनरवर करून पाहावी असे तिच्या पहिल्याच ओळीत लिहितो. देवनागरी नावांचा भाग अशोकचौक यांच्या सूचनेप्रमाणे मुख्य मजकुरात घेतला आहे.

---

विजापूरवेस

परिच्छेद वाचला, कोणता तुकडा कुठे घडतो हे आता स्पष्ट होते. छपाईपूर्वी एवढे पाहावे : मसुदा वर्डमध्ये किंवा व्हॉट्सॲपवरून फिरवला की सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात आणि दोन हायफनची एक लांब रेघ होते, आणि तशी ओळ चिकटवली तर शेल ती ओळखत नाही. आज्ञा साध्या टेक्स्ट फाईलमध्ये वेगळ्या द्याव्यात. छापील पानावर लांब आज्ञा दोन ओळींत मोडली, तर मोडलेल्या जागी बॅकस्लॅश द्यावा आणि तो का आहे हे पानाच्या तळाशी सांगावे. आज्ञेच्या आधी प्रॉम्प्टचे डॉलर चिन्ह छापू नये, वाचणारा तेही टंकतो. विंडोजवर गिट बॅश वापरणाऱ्यांसाठी एक ओळ हवी, कारण ते शेल तिरप्या रेघेने सुरू होणारा कंटेनरमधला मार्ग परस्पर विंडोजच्या मार्गात बदलून टाकते. तिथे सुरुवातीला दोन तिरप्या रेघा दिल्या की मार्ग नीट आत पोचतो.